यंदा कोणीही लंगडी घालू नये

आमच्या कुराशिता गल्लीच्या बातम्या कुठला पेपर छापत नाही, म्हणून त्या मी लिहितो. माझी लाँड्री आहे. एक कागद लाकडी फळीला लावायचा, फळी शेजारच्या घरी द्यायची, त्यांनी वाचून शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी सरकवायची. सगळी गल्ली हिंडून फळी माझ्याकडे परत येते तेव्हा तिच्यावर सॉसचे डाग असतात, मांजराचे केस असतात आणि कोणीतरी माझ्या वाक्याखाली पेन्सिलीने 'काहीतरीच!' असं लिहिलेलं असतं.

बातम्या साध्याच. 'कचऱ्यावर कावळे बसू नयेत म्हणून टाकलेली जाळी कोणीतरी मासे वाळवायला नेली आहे. ती परत आणून ठेवावी. नाव आम्हाला माहीत आहे.' किंवा, 'देवळामागच्या गटाराची सफाई रविवारी. पाऊस आला तरी सफाई होईल. पावसाला भिणाऱ्यांसाठी त्याच्या पुढचा रविवार राखून ठेवला आहे.' असलं लिहायला मला मनापासून आवडतं. माणसं तोंडावर बोलायला कचरतात, फळीवर मात्र सगळं चालतं.

पण गेल्या उन्हाळ्यात मी एक ओळ लिहिली आणि फळी पहिल्यांदाच गल्ली पुरी न करता परत आली. लोक ती हातात घेऊन थेट दुकानात यायला लागले. 'हे खरं आहे?' म्हणून विचारायला लागले. ओळ अशी होती: 'यंदाच्या बोनच्या नाचात कोणीही लंगडी घालू नये.'

ती ओळ माझी नव्हती. ती किनुयो काकूची होती.

किनुयो काकू माझ्या दुकानासमोर राहते. तातामीच्या चटया बनवायचं दुकान तिचं. म्हणजे नवऱ्याचं, पण इसामु गेल्यापासून तिथे फक्त गवताचा वास उरला आहे. ऐंशीला टेकलेली, बुटकी, ताठ बाई. रोज सकाळी आपल्या दारापुढचा रस्ता झाडते आणि शेजाऱ्याच्या हद्दीत केरसुणीचे दोन फटकारे जास्त मारते. त्याहून जास्त मारले तर शेजाऱ्याला टोमणा वाटेल, आणि अजिबात मारले नाहीत तर बाई हिशेबी ठरेल. कचऱ्याच्या पिशवीकडे नुसतं बघून आत चुकीची बाटली आहे की नाही ते सांगते. पर्समध्ये गोळ्या ठेवते. रडणाऱ्या पोराला एक, भांडणाऱ्या नवराबायकोला एकेक, आणि मंडळाचे अध्यक्ष नागुमो भाषणाला उभे राहिले की सगळ्या सभेला. तोंडात गोळी असली की जांभई आवरता येते, असं तिचं म्हणणं.

अशी ही बाई गल्लीतल्या प्रत्येक कामात पुढे, फक्त बोनच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या पितरांच्या सणाच्या, नाचात नाही. मैदानात मचाण उभं राहतं, कंदील लागतात, ढोल वाजतो, लंगोटातल्या बाळापासून काठीवाल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळी गल्ली मचाणाभोवती रिंगण धरून नाचते, आणि किनुयो काकू कडेच्या तंबूत जवाचा गार चहा ओतत उभी असते. शेजारी एक डबा. त्यात तातामीच्या काठाला लावतात त्या कापडाच्या पट्ट्या. नाचताना कोणाच्या खडावेची अंगठ्यात अडकवायची दोरी तुटली की तिच्याकडे जायचं; बोलता बोलता ती नवी दोरी ओवून देते. नव्या लोकांना वाटतं, काय हौस आहे बाईंना! जुन्या लोकांना खरं कारण ठाऊक आहे, आणि ते दुसरीकडे बघतात.

कारण असं. काकू उत्तरेकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली. आमच्या ओसाकात माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत, आणि हिचे हेल ऐकून हसायला लागली की त्याहून थांबत नाहीत. त्यामुळे पोरीने तोंड उघडणंच सोडलं होतं. त्या उन्हाळ्यात रिवाजाप्रमाणे गल्लीतल्या नव्या सुनेला मचाणावर चढवलं. वरच्या बाईकडे बघायचं आणि ती करेल तसंच करायचं, एवढाच आमच्या नाचाचा नियम. गाणं आमचंच, गल्लीवर केलेलं. त्यात एका जागी दोन टाळ्या येतात. नेमकी तिथे हिच्या उजव्या खडावेची दोरी तुटली. टाळ्या राहिल्या बाजूला. हिने एक हात गुडघ्यावर टेकला, उजवा पाय वर धरला आणि लंगडी घालत दोन उड्या मारल्या.

खालच्या रिंगणाने दोन उड्या मारल्या.

गाण्याची कडवी बरीच. खडाव तशीच, थांबायची सोय नाही. पुढच्या कडव्यात त्याच जागी तोल सावरायला तिने परत लंगडी घातली, रिंगणानेही घातली. ढोलावर तिचाच नवरा होता. त्याने त्या दोन उड्यांवर ढोलाच्या कडेवर दोन ठोके दिले, टाक टाक. पोरीने तोवर पायांवरून नजर उचलली नव्हती. शेवटी उचलली, तर अख्खं कुराशिता गुडघ्याला हात लावून लंगडत होतं. ती अनवाणी खाली उतरली, घरी गेली, आणि पुन्हा कधी नाचली नाही.

पुढच्या वर्षी गाण्यात ती जागा आली आणि सगळ्यांनी लंगडी घातली. कोणी ठरवलं नव्हतं. एव्हाना ती पायांत बसली होती. तिच्यासमोर विषय काढायचा नाही म्हणून सगळे गप्प राहिले, आणि गप्प राहून दरवर्षी लंगडत राहिले. आमच्या गल्लीचा समजूतदारपणा हा असा आहे. नंतर राहायला आलेल्यांना कोणी काही सांगितलं नाही. त्यातलेच नागुमो. हे मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी मंडळाच्या स्मरणिकेत लिहून टाकलं की कुराशिताचे पूर्वज नावाडी होते, ओहोटीला गाळात रुतलेला पाय ते असा उपसून काढत, म्हणून ही लंगडी. शेजारच्या गल्ल्यांतून लोक गाळातली लंगडी बघायला येऊ लागले.

गेल्या वसंतात काकूच्या लेकीने हट्ट धरला. आता एकटी राहू नकोस, सेन्दाइला माझ्याकडे ये. काकू हो म्हणाली. शरद ऋतूत जायचं ठरलं. आणि त्यानंतरच्या मंडळाच्या सभेत, नागुमोंचं भाषण संपल्यावर, ती उठून उभी राहिली.

"मला एक मागायचंय," ती म्हणाली.

"माग की काकू," रित्सु म्हणाली. रित्सुचं ताकोयाकीचं, म्हणजे ऑक्टोपस घातलेल्या गरम गोळ्यांचं, दुकान आहे, आणि तव्यावरच्या गोळ्यांइतकीच तिची जीभ गरम असते. "तू मागितलंस तर अध्यक्षांची खुर्चीसुद्धा देऊ. त्यांना उठवायला आम्हाला निमित्त हवंच आहे."

"ती लंगडी काढून टाका. मी जायच्या आत."

नागुमोंनी चष्मा सारखा केला. "काकू, तुमच्या भावना कळतात. पण ती साधी लंगडी नाही हो. आपले नावाडी ओहोटीच्या वेळी गाळात..."

"गाळ नव्हता अध्यक्षसाहेब. खडावेची दोरी होती."

"कुठल्या नावाड्याच्या?"

"माझ्या. उजव्या पायाची."

नागुमोंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही जुने लोक छताकडे बघत होतो. "म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं? मी स्मरणिकेत छापलं तेव्हाही?"

"तुम्ही इतकं रंगात येऊन सांगत होता," रित्सु म्हणाली, "मध्ये कसं बोलणार? गाळ तर मला फार आवडला होता."

हसू फुटलं, पण काकू हसली नाही, म्हणून ते लगेच विझलं. ती म्हणाली, "तुम्ही सगळी चांगली माणसं आहात. पण गाणं त्या जागेवर आलं की मी चहाच्या पिंपाकडे तोंड करून उभी राहते. माझ्या पाठीमागे अख्खी गल्ली मला वेडावून दाखवते आणि मी चहा ओतते. मी गेल्यावरही तुम्ही हेच करणार. माझं नाव विसराल, लंगडी राहील. नका ना असं करू." मग तिने खाली बसून दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ हातांवर ठेवलं. "काढलीत तर यंदा मी वर चढेन. एकदा नीट नाचून जाईन इथून."

या बाईने आयुष्यात मंडळाकडे काही मागितलं नव्हतं. ठराव एकमताने झाला. फळीवरची ओळ तिथून आली.

नाचाच्या आदल्या आठवड्यात ती दुकानात आली. हातात निळा सुती किमोनो, लग्नाच्या उन्हाळ्यातला, घड्यांवर पिवळा पडलेला. "कडक इस्त्री कर तोकू. कडक म्हणजे पुठ्ठा नको."

मी तोकुजी, पण तिला साठीतला माणूसही तोकूच. म्हटलं, आता नाही तर कधी बोलणार? "काकू, आई त्या दिवशी रिंगणात होती. ती म्हणायची..."

"तुझी आई चांगली बाई होती. चांगली बाई चांगलंच सांगणार."

"ऐक तरी. ती म्हणायची, वर नवी सून चुकली. आम्ही खाली बरोबर टाळ्या वाजवल्या असत्या तर ती एकटी चुकलेली दिसली असती. म्हणून मग आम्हीही चुकलो."

काकूने किमोनोच्या बाहीवरचा नसलेला धागा काढला. "आणि ढोल? तो कशाला वाजवला? दिसत होतं तेवढं पुरेना म्हणून ऐकवायचं होतं?"

इसामु म्हातारा झाल्यावर ढोल मी वाजवायला लागलो. काठ्या त्यानेच दिल्या होत्या. "तो मला म्हणाला होता, इथे दोन ठोके हलके मार. पाय टेकायला आधार होतो."

"आणि त्या दिवशी घरी येऊन पोट धरधरून हसला होता, हे सांगितलं का तुला?"

ते त्याने सांगितलं नव्हतं.

"मी रडत होते, आणि तो हसत होता. तू लाँड्रीवाला आहेस ना, मग डाग दिसला की काढायचा. डागाची बाजू घ्यायची नाही." एवढं बोलून तिने मला एक गोळी दिली आणि गेली.

तालमींचं काय सांगू? नागुमोंचा गाळ गेला होता, त्याचं दुःख त्यांनी शिस्तीत बुडवलं. गळ्यात शिट्टी अडकवून ते मैदानाच्या मध्ये उभे राहायचे आणि त्या जागी कोणाचा पाय उचलला गेला की जोरात फुंकायचे. पहिल्या दिवशी शिट्टी अशी वाजली की पोलीस चौकीतला शिपाई सायकलवरून बघायला आला. रित्सुचे हात टाळ्या वाजवायचे आणि पाय लंगडी घालायचे. "अहो, हे पाय माझं ऐकत नाहीत," ती म्हणायची, "चाळीस वर्षं नवऱ्याने ऐकलं नाही, आता पाय." पोरं तर रडकुंडीला आली. त्यांना नाचात तेवढाच एक भाग येत होता. मी माझ्या डाव्या हाताला बजावून ठेवलं होतं की त्या दोन टाळ्यांवर गप्प बसायचं. पण सगळे आले, रोज आले. दमून, घामाने चिंब होऊन, अखेर कुराशिता दोन टाळ्या वाजवायला शिकलं.

नाचाच्या संध्याकाळी कंदील लागले तेव्हा काकू मचाणाच्या शिडीपाशी उभी होती. निळ्या किमोनोत अशी दिसत होती की चहाच्या तंबूकडे गेलेले दोघे तिला न ओळखता तिलाच विचारून गेले, काकू कुठे आहेत? खडावांच्या दोऱ्या तिने स्वतः दुहेरी ओवल्या होत्या, इसामुच्या दुकानातल्या हिरव्या पट्टीच्या. बोनला वारलेली माणसं आपापल्या घरी येतात. तोही आला असणार, आणि आला असला तर घरी न जाता ढोलाजवळच आला असणार. मी जरा सरकून बसलो.

"चढ काकू," रित्सु खालून तिला ढकलत म्हणाली. "आणि पर्स ठेव माझ्याकडे. गोळ्यांच्या वजनाने मचाण पडायचं."

रेकॉर्ड खरखरली. पहिलं कडवं सुरू झालं. ती जागा जवळ आली तसं रिंगण परीक्षेला बसल्यासारखं झालं. ओठ हलत होते, भुवया वर गेल्या होत्या. टाळी, टाळी. एकही पाय उचलला गेला नाही. माझा हात हवेत थांबला. वर काकूने दोन टाळ्या वाजवल्या, सरळ, स्वच्छ, आणि तिचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, बरं झालं, काढली ती लंगडी. दुसरं कडवंही तसंच गेलं. टाळी, टाळी. नागुमोंनी शिट्टी ओठांतून काढली नव्हती, पण फुंकायची वेळ आली नाही.

तिसऱ्या कडव्यात टाळ्यांच्या बऱ्याच आधी एक वळण येतं. साधं वळण, तिथे आजवर कोणी अडखळलं नव्हतं. दोरी जागेवर होती. काकूचा गुडघा मात्र ऐंशीला टेकलेला होता. वळता वळता तो मुडपला, ती डावीकडे झोकांडली, मचाणाचा कठडा एका हाताने पकडला आणि अर्धवट बसकण मारत मोठ्याने म्हणाली, "अगं बाई!"

खालचं अख्खं रिंगण डावीकडे झोकांडलं. सगळ्यांनी एका हाताने हवेतला कठडा पकडला आणि अर्धवट बसकण मारली. "अगं बाई!" पोरं ओरडली, आणि त्यांच्या मागून मोठी माणसंही ओरडली. आणि माझ्या डाव्या हाताने, मला न विचारता, ढोलाच्या कडेवर दोन ठोके दिले. टाक टाक.

त्या जुन्या उन्हाळ्यात ती स्वतःच्या पायांकडे बघत होती. या वेळी कठडा धरून ती खाली बघत होती. तिला रिंगण दिसलं. तव्यासारखी लाल झालेली रित्सु दिसली. शिट्टी तोंडात धरून, एक हात हवेत घट्ट आवळून अर्धवट बसलेले नागुमो दिसले. चेहरा इतका गंभीर की कठडा खरंच तिथे असावा. कोणीही हसत नव्हतं. सगळे माना वर करून तिच्याकडे बघत होते, आणि ती उठतेय ना, एवढीच काळजी प्रत्येक तोंडावर होती. ती सावरून उभी राहिली. ते उभे राहिले.

टाळ्यांची जागा आली आणि गेली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी विसरलं. काकू काहीच न करता तशीच उभी होती.

चौथं कडवं सुरू झालं. वळण आलं. आता तिने नीट वळावं, अशी सोय होती. तिने कठडा शोधून जपून पकडला, डावीकडे झुकली आणि अर्धवट बसली. रिंगणही बसलं. मग ती जागा आली. तिने एक हात गुडघ्यावर टेकला, उजवा पाय इंचभर वर उचलला, आणि माझ्याकडे वळून ओरडली, "वाजव की रे तोकू! झोपलास का?"

मी वाजवलं. कुराशिताने लंगडी घातली, आणि महिनाभर कोंडून ठेवल्याने ती जरा जास्तच उंच गेली. मचाणाच्या फळ्या हलल्या. तेव्हा काकू हसायला लागली. कठड्याला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिला हसताना पाहून खालीही सगळे पोट धरून हसायला लागले, आणि त्यातले काही जण नक्कीच ती नाचातली पुढची पायरी समजून करत होते.

"असाच हसला होता तो," ढोलाजवळ येऊन ती मला म्हणाली. डोळे बाहीने पुसले. "अगदी असाच. आणि मी त्याला आठवडाभर जेवण न बोलता वाढलं."

गाणं संपलं, आम्ही तिला धरून खाली उतरवलं. नागुमो शिट्टी खिशात घालून पुढे आले. "काकू, ते दुसरं, कठड्याचं, ते राहू द्यायचं का? म्हणजे नावाडी होडीची कड पकडून..."

"लिहा," काकू म्हणाली. "पण या वेळी दोन्ही पायांच्या दोऱ्या शाबूत होत्या, तेवढं घाला त्यात."

मग माझ्याकडे वळली. "तुझी आई त्या दिवशी कुठे उभी होती रे?"

मी दाखवलं. रित्सु उभी होती ती जागा.

"सरक गं जरा," काकू रित्सुला म्हणाली आणि आईच्या जागेवर उभी राहिली. एक हात गुडघ्याजवळ आधीच तयार ठेवला. वर या वर्षीची नवी सून चढत होती, भेदरलेली, नव्याकोऱ्या खडावा घातलेली, पायांकडे बघणारी. काकूने मान वर करून तिच्यावर नजर ठेवली. मी काठ्या उचलल्या. चहाच्या पिंपाजवळ कोणीच नव्हतं, ज्याला तहान लागली त्याने आपापला ओतून घेतला.